दोन दिवसांत आपली जुनी राजधानी : थाळनेर ते बऱ्हाणपूर सहल कशी आखावी?

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे यावर आमच्या घरात महिनाभर खल चालला होता. खालाचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. त्याने फॅमिली ग्रुपवर एका टूर कंपनीची जाहिरात टाकली, 'पाच दिवसांत युरोपची ऐतिहासिक राजधानी'. फोटोत जुना किल्ला, नदीवरचा दगडी पूल, अरुंद गल्ल्या. मुले लगेच तयार झाली. मग हिशोब सुरू झाला. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ४५ युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ही फी परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा, बँकेची स्टेटमेंट, हॉटेलचे बुकिंग, बोटांचे ठसे द्यायला मुंबईची चक्कर. आम्ही सहा जण. आकडा जसजसा वाढत गेला तसतसे ग्रुपवरचे मेसेज कमी होत गेले.

तेव्हा अब्बा म्हणाले, "राजधानीच बघायचीये ना? मग आपली बघू या की."

अब्बा म्हणजे धुळ्यात चाळीस वर्षे पॉवरलूमवर काम केलेला माणूस. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांचे आजोळ बऱ्हाणपूरचे. लग्नाला, मय्यतीला मिळून बारा-पंधरा वेळा तरी ते तिथे गेले असतील. पण स्टेशनवरून रिक्षाने नातेवाइकांच्या दारात आणि तिथून परत स्टेशनवर, एवढेच. शहर कधी बघितलेच नाही. खान्देशातल्या बहुतेक मुस्लिम घरांची गोष्ट हीच आहे. बऱ्हाणपुरात कोणी ना कोणी नातेवाईक असतो, म्हणून ते शहर 'बघायचे' असते हे आपल्या डोक्यातच येत नाही.

शाळेत मुलांना दिल्ली, आग्रा, रायगड, विजापूर सगळे येते. पण जळगाव-धुळ्याच्या मुलाला विचारा, आपल्या खान्देशावर दोनशे वर्षे कोण राज्य करत होते? उत्तर येत नाही. माझ्या नववीतल्या भाच्यालाही आले नाही. म्हणून ही सहल आखताना आम्ही एकच गोष्ट ठरवली. जागा कमी बघायच्या, पण क्रमाने बघायच्या.

क्रम समजला की अर्धी सहल झाली

दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने १३७० मध्ये मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेरची जहागीर दिली. दिल्लीची पकड ढिली झाल्यावर १३८२ च्या सुमारास मलिक राजा स्वतंत्र झाला. हे घराणे स्वतःला खलिफा हजरत उमर फारूक (रजि.) यांच्या वंशातले सांगत असे, म्हणून फारुकी. त्यांची पहिली राजधानी थाळनेर, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे गाव.

मलिक राजाचा मुलगा नसीर खान याने असीरगडचा डोंगरी किल्ला आसा अहिराकडून घेतला आणि इ.स. १४०० च्या सुमारास तापीच्या काठी नवे शहर वसवले. खुलताबादचे सुफी बुजुर्ग हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्याचे नाव बऱ्हाणपूर ठेवले. नदीच्या पलीकडच्या काठावरच्या वस्तीला हजरत झैनुद्दीन यांच्या नावावरून झैनाबाद म्हटले गेले. खुलताबादला जियारतीला जाणाऱ्या आपल्या लोकांपैकी किती जणांना हे माहीत असेल, की तिथल्या एका कबरीच्या नावावरून तापीकाठी एक राजधानी उभी राहिली? फारुकी राजांना 'खान' म्हणत, आणि खानांचा देश तो खान्देश, असे एक मत आहे. दुसरी मतेही आहेत. मुलांना सगळी सांगा, आपापसात भांडू द्या.

हे राज्य १६०१ पर्यंत चालले. त्या वर्षी जानेवारीत असीरगड अकबराच्या ताब्यात गेला आणि फारुकी संपले. पण शहर संपले नाही, उलट वाढले. मुघलांसाठी दख्खनची सगळी मोहीम इथून चाले. शाहजादे इथे सुभेदार म्हणून येत, अब्दुर्रहीम खानखाना (दोहे लिहिणारे रहीम तेच) इथे वर्षानुवर्षे राहिले, शाहजहानचा दरबार इथे भरला. म्हणजे एकाच शहरात आधी फारुकींची राजधानी आणि मग मुघलांचे दख्खनचे ठाणे असे दोन थर आहेत. बघताना 'हे फारुकींचे की मुघलांचे?' एवढे जरी प्रत्येक जागी विचारले तरी गोंधळ होत नाही.

युरोपवाले आपल्या रस्त्याने आले होते

इथे थोडे विषयांतर, पण ते मला सांगायचेच आहे. आज आपण युरोपच्या राजधान्या बघायला निघतो. चारशे वर्षांपूर्वी युरोपचे लोक सुरतेला उतरून बैलगाडी-घोड्यावर आपली राजधानी गाठायचे. फ्रेंच जवाहिरी टॅव्हर्निए याने सुरतेहून बऱ्हाणपूरला जाताना मुक्कामाच्या गावांची यादी दिली आहे. त्यात नंदुरबार आहे, थाळनेर आहे, चोपडा आहे. म्हणजे आज आपण ज्याला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता म्हणतो, साधारण तीच वाट.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये बऱ्हाणपुरात पोहोचला. तेव्हा जहांगीरचा मुलगा शाहजादा परवेझ तिथे होता. रो साहेबांना सराईत ज्या खोल्या मिळाल्या त्या त्यांना भट्टीएवढ्या वाटल्या, उजेड फक्त दारातून. शहरातली बरीचशी घरे मातीची आहेत अशीही त्यांची तक्रार होती. हॉटेलवर नाराज होणारा पाहुणा काही आजचा नाही.

टॅव्हर्निएने मात्र एक गोष्ट लिहिली ती अब्बांनी मला दोनदा वाचायला लावली. बऱ्हाणपूरचे तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो इथे तर जायचेच, पण रशिया आणि पोलंडपर्यंत जायचे. ज्या युरोपचा व्हिसा आपण मोजत बसलो होतो, तिथल्या बायकांच्या अंगावर इथल्या विणकराचे कापड होते.

सर्वांत कमी चालणाऱ्या माणसापासून सुरुवात करा

आता आखणी. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही एकदा मे महिन्यात चौदा जण दोन गाड्या करून गेलो होतो. एका दिवसात नऊ ठिकाणे. दुपारी तीनला माझ्या चाचीला चक्कर आली, उरलेला दिवस दवाखान्याच्या बाकावर गेला. आज त्या सहलीतले काय आठवते असे विचारले तर सगळे जण सलाईनची बाटली सांगतात.

म्हणून पहिला नियम: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खान्देशात आणि निमाडात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा दगडी इमारती बघणे म्हणजे शिक्षा. पावसाळ्यात असीरगड हिरवागार दिसतो, पण पायऱ्या निसरड्या होतात आणि तापीला पूर असला तर घाटावर जाता येत नाही.

दुसरा नियम: घरातला सर्वांत कमी चालणारा माणूस कोण ते बघा आणि दिवस त्याच्या हिशोबाने बांधा. आमच्याकडे अब्बा. त्यांच्यासाठी सकाळी दोन तास, मग आराम, असरनंतर दीड तास. एवढेच. यामुळे असीरगड या खेपेला सोडला. बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्यावर साधारण २० किलोमीटरवर तो आहे. दख्खनचा दरवाजा म्हणायचे त्याला, आणि वर फारुकींची जामा मस्जिदही आहे. गाडी बऱ्यापैकी वर जाते, तरी पुढे चढ आहेच. तरुण मंडळी असतील तर त्यासाठी अख्खी सकाळ वेगळी ठेवा. बऱ्हाणपूरच्या दिवसात तो कोंबू नका, दोन्हींचे वाटोळे होते.

जळगावकरांसाठी रेल्वे उत्तम. जळगाव, भुसावळ, सावदा, रावेर, बऱ्हाणपूर अशी सरळ लाइन आहे. भुसावळहून बऱ्हाणपूर ५५ किलोमीटरच्या आत-बाहेर. मात्र सगळ्या एक्सप्रेस बऱ्हाणपूरला थांबत नाहीत, तिकीट काढताना थांबा बघून घ्या. स्टेशन शहराला लागून नाही, लालबागला आहे. तिथून जुन्या शहरात जायला रिक्षा करावी लागते. सहा माणसे आणि सामान असेल तर दोन रिक्षा धरा.

धुळेकरांनी मात्र रेल्वेच्या नादी न लागता गाडीने जावे, कारण त्यांच्या वाटेवर थाळनेर आहे. धुळे-शिरपूर, तिथून चोपड्याकडे जाताना वाट वाकडी करून थाळनेर, मग चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर आणि बऱ्हाणपूर. शिरपूरपासून साधारण दीडशे किलोमीटर. पहिल्या राजधानीतून दुसऱ्या राजधानीत. डावीकडे सातपुडा सोबत चालतो, यावल-रावेर भागात दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, डोंगराच्या पायथ्याला आपल्या तडवी भाऊबंदांची गावे. आम्ही जळगावची दोन माणसे चोपड्यात गाडीत घेतली आणि याच रस्त्याने गेलो.

थाळनेर : अर्धा तास पुरेल असे वाटते, दीड तास लागतो

थाळनेरला बोर्ड, पार्किंग, चहाची टपरी अशी पर्यटनस्थळाची तयारी बघायला जाऊ नका. गाव आहे. तापीच्या काठावर किल्ल्याचे अवशेष आहेत आणि फारुकींच्या मकबऱ्यांचा समूह आहे, तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. मलिक राजा, नसीर खान आणि त्यानंतरचे दोन राजे, मीरान आदिल खान आणि मीरान मुबारक खान, या पहिल्या चार राजांचे दफन इथेच झाले. बऱ्हाणपूर वसवणारा नसीर खान स्वतः मात्र थाळनेरला बापाजवळ झोपला आहे. मकबऱ्यांतला एक अष्टकोनी आहे, बाकीचे चौकोनी. तो अष्टकोनी नीट, चारी बाजूंनी फिरून बघा.

इथे अब्बांनी फातिहा पढली आणि मुलांनी पहिल्यांदा विचारले, "हे आपल्या जिल्ह्यात आहे?"

किल्ल्याला आणखी एक इतिहास आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज फौजेने तो लढून घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिली. थाळनेरच्या पोरांना हे नाव माहीत आहे. त्यांनाच विचारा, ती तुम्हाला किल्ल्याच्या जागा दाखवतील.

पाणी आणि खाणे गाडीत ठेवा. आम्ही कळण्याची भाकरी, ठेचा आणि अंडी नेली होती, चोपड्याच्या पुढे एका निंबाखाली बसून खाल्ली. स्वच्छतागृहाची सोय शिरपूर किंवा चोपड्याला उरकून घ्यावी, विशेषतः बायका-मुली सोबत असताना. असल्या गोष्टी कोणी लिहीत नाही आणि मग सहल त्याच्यावरच बिघडते.

जामा मस्जिद : उत्तर टोकाला नव्हे, अक्षरांकडे बघा

मुक्काम बऱ्हाणपुरात करा. शहरात साधी लॉज आहेत, मध्य प्रदेश पर्यटनचे निवासही आहे. सुट्टीत आधी फोन करून जावे. प्रत्येकाचे ओळखपत्र लागते. नातेवाईक आग्रह करतील घरी उतरायचा. उतरा, पण मग शहर बघणे विसरा. आम्ही नातेवाइकांकडे एक वेळचे जेवण ठरवले आणि बाकी लॉजवर राहिलो. थोडी नाराजी झाली, चालायचेच.

फजरनंतर किंवा सकाळी नऊच्या आसपास जामा मस्जिदीत जावे. बाजाराच्या मधोमध आहे, नंतर गर्दी वाढते. ही मस्जिद फारुकींपैकी राजा अली खान ऊर्फ आदिलशाह याने हिजरी ९९७ मध्ये बांधली. समोर पंधरा कमानी, दोन्ही टोकांना उंच मिनार, काळसर दगड. बहुतेक जण सहनमध्ये उभे राहून फोटो काढतात आणि निघतात. तसे करू नका. आत भिंतीवर दगडात कोरलेला लेख आहे. एक अरबीत. आणि दुसरा संस्कृतमध्ये, नागरी अक्षरांत.

हो, मस्जिदीत संस्कृत लेख. तो सृष्टीच्या निर्मात्याला नमन करून सुरू होतो, फारुकी राजांची वंशावळ देतो आणि मस्जिद बांधल्याची तारीख पंचांगाप्रमाणे सांगतो: विक्रम संवत १६४६, शके १५११. ज्या राजाने तो कोरवला त्याला माहीत होते की त्याच्या शहरात अरबी न वाचणारे लोक बरेच आहेत. त्यांच्यासाठी त्यांच्या लिपीत, त्यांच्या पंचांगात लिहून ठेवले. असाच संस्कृत लेख त्याच्या असीरगडच्या मस्जिदीतही आहे. शेजारी अकबराचाही लेख आहे, शहर जिंकल्यानंतरचा.

अब्बांनी अरबी लेख बोट न लावता, दुरून, हळूहळू वाचला. भाच्याला अरबी फक्त कुरआन शरीफ वाचण्यापुरती येते, पण शाळेत संस्कृत आहे. तो दुसऱ्या लेखापुढे उभा राहिला आणि एकेक अक्षर लावत बसला. जुन्या वळणाची नागरी, सगळे जुळेना. पण 'शके' त्याला सापडले. मग आजोबा-नातवाने शके १५११ मध्ये ७८ मिळवून सन काढले. मोबाइलवर दिवसभर फिरणाऱ्या इतिहासाच्या मेसेजपेक्षा ही दहा मिनिटे मला जास्त वजनदार वाटली. कोणी कोणाला काही समजावले नाही, दगड समोर होता.

नमाजीच्या वेळी फोटो, रील काढू नका, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. बायकांनी आत कुठपर्यंत जावे हे तिथल्या खिदमतगारांना विचारून घ्यावे, ते वेळ सांगतात. आणि प्रवासातल्या कसरचा मसला निघण्याआधीच आपल्या मौलानांना विचारून ठेवा, नाहीतर दोन रकात की चार यावर लॉजच्या खोलीत वाद रंगतो.

कुंडी भंडारा : ज्यांच्या नळाला रोज पाणी नाही त्यांनी बघावेच

एकच जागा बघायला वेळ असेल तर मी मकबरे सोडून ही सांगेन. लालबाग भागात, स्टेशनच्या बाजूलाच आहे. लोक 'खूनी भंडारा'ही म्हणतात.

१६१५ मध्ये, खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना उभी केली असे सांगितले जाते. कल्पना इराणच्या करेझची. सातपुड्याच्या पायथ्याला पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि तापीकडे जमिनीखालून झिरपत जाते. वाटेत जमिनीखाली बोगदा खोदून ते पाणी अडवायचे आणि बोगद्याला अगदी हलका उतार देऊन शहरापर्यंत न्यायचे. पंप नाही, बैल नाही, मोट नाही. पाणी स्वतःच्या वजनाने चालते. ठरावीक अंतरावर वरपर्यंत गोल कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडे. हवा खेळण्यासाठी, सफाईला उतरण्यासाठी, पाणी काढण्यासाठी. अशा शंभरावर कुंड्या एका रांगेत आहेत, आतून एकमेकींना जोडलेल्या. शहरासाठी असे आठ भंडारे केले होते. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतलीच नावे.

पाणी उघड्यावर नसल्याने उन्हाने उडत नाही, घाण पडत नाही. वेढा घालणाऱ्या शत्रूला ते सहज तोडता येत नाही. फौजेचे शहर होते, त्यामुळे हे महत्त्वाचे. आपल्याकडे औरंगाबादला मलिक अंबरने केलेली नहर याच जातीची. मार्च २०२४ मध्ये खूनी भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला.

एका कुंडीतून खाली उतरायला लिफ्ट बसवली आहे. ती चालू आहे का हे आदल्या दिवशी लॉजवाल्याला किंवा रिक्षावाल्याला विचारा. बंद असली तरी वरून कुंड्यांची रांग बघता येते, पण आत उतरण्याची सर त्याला नाही. खाली पाणी घोट्या-गुडघ्याएवढे असते, कपडे आणि चपला तशा घाला. दमा असलेल्यांनी आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी वरच थांबावे. अब्बा वरच बसले. मुले ओली होऊन वर आली तेव्हा धाकट्या भाचीचा प्रश्न होता, "चारशे वर्षांपूर्वी यांना जमले, मग आपल्याकडे टँकर का येतो?" आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हते.

नाव खूनी का, यावर गाइड तुम्हाला कत्तलीची गोष्ट ऐकवेल. पाण्याला आणि दगडाला येणाऱ्या तांबूस रंगावरून हे नाव पडले असे सांगणारेही आहेत आणि मला ते जास्त पटते. असीरगडापर्यंत भुयार, गाडलेला खजिना, रात्री ऐकू येणाऱ्या किंकाळ्या या गोष्टी चहासोबत ऐकाव्यात. मुलांना त्या आवडतात. फक्त संध्याकाळी बसून कोणती गोष्ट दगडावर लिहिलेली होती आणि कोणती नुसती ऐकलेली, हे वेगळे करून घ्या.

नदीच्या अलीकडे आणि पलीकडे

दुपारचा आराम झाल्यावर शाही किल्ला. तापीच्या काठावरचा महाल, आता बराचसा पडका. पुरातत्त्व खात्याचे तिकीट लागते, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. आतला शाही हमाम चुकवू नका. छतावरची रंगीत नक्षी अजून दिसते, मान वर करून बघावी लागते. भिंतींवर बदाम आणि नावे कोरणारे आपलेच लोक आहेत. जुनी नावे पुसता येत नाहीत, नवे कोरणाऱ्याचा हात मात्र धरता येतो. मी एकाचा धरला, तोही जळगावचाच निघाला.

किल्ल्यावरून नदीपलीकडे झैनाबाद दिसते. १६३१ मध्ये शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी इथे होता. १७ जून १६३१ ला मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात याच शहरात वारली. वय अडतीस. मूल वाचले, तिचे नाव गौहर आरा. बेगमेला आधी नदीपलीकडे आहूखान्याच्या बागेत दफन केले. आहू म्हणजे हरीण, ती शाही शिकारीची जागा. डिसेंबरमध्ये शाहजादा शुजासोबत तिचा जनाजा आग्र्याला नेला आणि मग तिथे ताजमहाल झाला. आग्र्याचा फोटो प्रत्येक घरात आहे. बऱ्हाणपूरची सहा महिन्यांची कबर कोणालाच माहीत नाही. चौदा मुलांपैकी सात जगली, हेही गाइड सांगत नाही. बायकांना सांगा. आमच्या घरच्या बायका त्यानंतर बराच वेळ आपापल्या आयांच्या आणि सासवांच्या बाळंतपणांविषयी बोलत राहिल्या आणि आम्ही पुरुष गप्प बसून नदीकडे बघत होतो.

झैनाबादला जायला पूल ओलांडून गाडी लागते. अवशेष पडके आहेत, ताजसारखे काही दिसेल अशी आशा ठेवून जाऊ नका. आणखी एक तास असेल तर उतावळी नदीजवळचा शाहनवाज खानाचा मकबरा, खानखानाच्या मुलाचा, काळ्या दगडाचा, म्हणून लोक 'काला ताज' म्हणतात. आणि शाहशुजाच्या बेगमेचा छोटा मकबरा, ज्याला खरबुजासारख्या आकारामुळे खरबुजा महल म्हणतात, आतली रंगीत वेलबुट्टी फार सुंदर आहे. बोहरा बांधवांची दरगाह-ए-हकीमी शहराबाहेर आहे, स्वच्छता बघण्यासारखी. गुरुद्वारा बडी संगत आहे, गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथे थांबले होते. सगळे एका खेपेत नाही होणार, होऊ देऊ नका.

खाण्याचे थोडक्यात: मावा जलेबी, दराबा, आणि मांडे. मावा जलेबी काळपट आणि जाड असते, गरम खावी. मांडे आपल्या खान्देशी मांड्यांचे भाऊबंद, पण तिथे मटणाच्या रश्श्यासोबत खातात, आणि सहा जणांना किती लागतील हे आधी दुकानदाराला विचारा, आम्ही दुप्पट मागवले.

आणि परतीच्या तिकिटाविषयी. आम्ही दुसऱ्या दिवशी गाडी जळगावच्या मंडळींसोबत पुढे पाठवली आणि अब्बा, मी आणि भाचा दुपारच्या रेल्वेने निघणार होतो. रिक्षा मोमीनपुऱ्याच्या बाजूने चालली होती. एका गल्लीतून लूमचा खटखटाट आला. अब्बांनी रिक्षा थांबवली, उतरले, आणि ओळख ना पाळख, सलाम करून सरळ त्या कारखान्यात शिरले. मालकाने आधी संशयाने बघितले. अब्बांनी ताण्यावरून हात फिरवला, कापडाचे टोक दोन बोटांत धरले आणि पिक किती, सूत कुठल्या नंबरचे, असे विचारायला लागले. मग स्टूल आले, चहा आला. मालकाच्या दादांचे आणि अब्बांच्या आजोळचे लोक एकाच गल्लीतले निघाले. भाच्याने टॅव्हर्निएची पोलंडची गोष्ट सांगितली तेव्हा त्या माणसाने लूम बंद केला, म्हणाला, "फिर से बोलो बेटा, आवाज में सुनाई नहीं दिया."

गाडी चुकली. पुढची दोन तासांनी होती. तेव्हा परतीचे तिकीट संध्याकाळचे काढा, दुपारचे नको.